सारखं सारखं भेडाघाट

मराठी माणूस नव्या जागी पोचला की पहिल्या पाच मिनिटांत तिला जुनी करून टाकतो. त्यासाठी त्याला एकच शब्द लागतो आणि तो जन्मभर पुरतो: ‘सारखं’. काश्मीर महाबळेश्वरसारखं, केरळ कोकणासारखं, आणि सिंगापूर? ‘हिंजवडीसारखंच हो, फक्त झाडून घेतलेलं.’ याच शब्दाचा मराठीत दुसरा अर्थ ‘सतत’ असा होतो. भाषेने हे फार विचार करून केलेलं दिसतं.

पुण्याचे एक आप्पा या शब्दाचे जुने गिऱ्हाईक. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे पाणी दिसलं की त्यांच्यातला इंजिनिअर आधी जागा होतो आणि पर्यटक मागाहून. २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला तेव्हा नागपूरच्या जावयाने बेत काढला: भेडाघाट. जबलपूरपासून वीसेक किलोमीटरवर नर्मदा पांढऱ्या संगमरवरी कड्यांच्या घळीतून वाहते. नावेत बसायचं आणि दोन्ही अंगांचे कडे बघत जायचं. मंडळी पाच: आप्पा, माई, लेक, जावई आणि नऊ वर्षांचा नातू. सहावी माईंची खाऊची पिशवी. तिला गाडीत खिडकीजवळची जागा होती.

‘भेडाघाट म्हणजे? तिथे मेंढ्या असतात?’ नातवाने विचारलं. त्याचं हिंदी नुकतंच सुरू झालं होतं.

जावयाने सांगितलं की भृगू ऋषींवरून ते नाव पडलं असं म्हणतात, शिवाय भेडा म्हणजे संगम असंही म्हणतात. नातवाला मेंढ्या नसल्याचं वाईट वाटलं ते वाटलंच.

नागपूर-जबलपूर रस्ता सिवनीवरून जातो आणि वाटेत पेंचचं जंगल लागतं. तिथे वन्यप्राण्यांना जाता यावं म्हणून महामार्ग ठिकठिकाणी उंच उचललेला आहे, खालून वाघ-हरणांची ये-जा. ‘वाघाला भुयारी मार्ग आहे,’ आप्पा म्हणाले, ‘आमच्या चौकात माणसाला नाही.’ जावई म्हणाला, ‘पेंच म्हणजे आमच्या ताडोबासारखंच, आप्पा.’ तेव्हा कळलं की हा रोग घाटाच्या एकाच बाजूला नाही.

जबलपुरात सकाळी पोह्यांवरून पहिली चकमक झाली. तिथल्या रिवाजाप्रमाणे प्लेटमध्ये पोहे, वर शेव, आणि शेजारी गरम जिलबी. आप्पांनी जिलबीकडे अशा नजरेने पाहिलं, जणू कुणीतरी चुकून दुसऱ्याच्या पंगतीतलं आपल्याला वाढलंय. कांदेपोह्यावर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, लिंबाची फोड, याखेरीज काही पडलं तर तो अपघात, असं त्यांचं पुणेरी मत. जावयाचं म्हणणं, पोह्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री नसेल तर त्याला पोहे म्हणूच नये, पथ्य म्हणावं. टपरीवाल्याला दोघांचंही दुःख समजलं नाही. नातवाने मात्र एक घास पोह्याचा, एक घास जिलबीचा असा निकाल लावून तिन्ही संस्कृतींचा प्रश्न दोन प्लेटींत मिटवला.

दुसरी चकमक इतिहासावरून. ‘हा सगळा भाग आमच्या भोसल्यांचा होता,’ जावयाने गाडी सुरू करता करता सहज सोडून दिलं. सासऱ्याला हे कळतं. तो तयारीनेच येतो. ‘होता,’ आप्पा म्हणाले, ‘पण दिला कुणी? १७९८ मध्ये पेशव्यांनी दिला म्हणून होता.’ दोघांचंही खरं. नागपूरकर भोसल्यांकडे हा मुलूख पेशव्यांकडून आला आणि १८१७-१८च्या धामधुमीत इंग्रजांनी तो घेतला. दोन मराठी माणसं परमुलखातल्या ज्या जमिनीवरून भांडत होती, ती दोघांच्याही हातून जाऊन दोनशे वर्षं उलटली होती. मागच्या सीटवर माई लाडूचा डबा उघडत म्हणाल्या, ‘आता ज्याच्याकडे आहे त्याला पार्किंगचे पैसे द्या.’

या परिसराचा खरा जुना मालक मात्र तिसराच. भेडाघाटाच्या अलीकडे लम्हेटा घाट आहे. त्याच्या नावावरून भूशास्त्रज्ञांनी खडकांच्या एका थराला नाव दिलं, आणि त्या थरात डायनासोरची हाडं मिळतात. जबलपूरजवळ अशी हाडं पहिल्यांदा उचलली ती १८२८ मध्ये विल्यम स्लीमन या लष्करी अधिकाऱ्याने, ज्याचं नाव पुढे ठगांच्या बंदोबस्तासाठी गाजलं. त्या हाडांवरून १८७७ मध्ये एका प्राण्याचं नाव ठेवलं गेलं: टायटॅनोसॉरस इंडिकस.

इथे जावयाला पुन्हा विदर्भ आठवला. लम्हेटाचाच थर चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला उघडा पडलाय, आणि तिथे प्रामुख्याने काय मिळतं, तर दगड झालेलं शेण. त्या शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि डायनासोरच्या काळात गवत होतं हे २००५ मध्ये जगाला कळलं. जावई हे अभिमानाने सांगत होता. ‘म्हणजे जबलपूरकडे हाडं आणि तुमच्याकडे शेण,’ आप्पांनी वाटणी करून टाकली.

धुवांधारला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. नर्मदा इथे एका कड्यावरून स्वतःला खाली झोकून देते आणि तुषारांचा जो लोट वर येतो तो धुरासारखा दिसतो, म्हणून नाव धुवांधार. आवाज आधी येतो, धबधबा नंतर. मराठी माणसाचा धबधब्याशी करार पावसाळ्यातला असतो: जुलै महिना, चिंब कपडे, कणीस, कांदाभजी आणि ताम्हिणी घाटात पाच किलोमीटरची गाड्यांची रांग. जानेवारीच्या कोरड्या उन्हात गडगडणारा धबधबा पाहून आप्पांना हिशेब लागेना. त्यात कठड्यापाशी मक्याची कणसं विकणाऱ्या बाईने सांगितलं की पावसाळ्यात या, तर धबधबा दिसणारच नाही.

‘दिसणार नाही म्हणजे?’

म्हणजे पूर येतो, खालचं पाणी वरच्या पाण्याला येऊन मिळतं, आणि धबधबा बुडतो. जुलैत नुसती एक रुंद, गढूळ, धावती नदी. आप्पांनी कपाळावर हात मारला. जगातला प्रत्येक धबधबा पावसाळ्यात उगवतो, हा पावसाळ्यात मावळतो! पण दुसऱ्याच क्षणी त्यांच्यातला पाटबंधारे जागा झाला. वरच्या अंगाला बरगी धरण आहे, १९९० मध्ये पुरं झालेलं. तिथून विसर्ग किती, इथे पातळी किती चढते, पात्राचा छेद किती, असं ते बोटांवर मांडू लागले. चष्म्याच्या काचांवर तुषार बसून समोरचं दिसेनासं झालं होतं, पण गणित चालूच होतं. लेक म्हणाली, ‘आप्पा, बघा ना जरा!’ आप्पा म्हणाले, ‘बघतोच आहे. साधारण किती क्युसेक असेल?’

जवळच चौसष्ट योगिनींचं मंदिर आहे. कलचुरी राजांच्या काळातलं, हजारेक वर्षांचं, टेकडीवर, गोल. मधोमध गौरीशंकराचं देऊळ आणि भोवती वर्तुळात ओवऱ्या, ओवरीत एकेक योगिनी, बहुतेकींचे हात-नाक फुटलेले. शंभरावर पायऱ्या चढून गेल्यावर आप्पांनी सवयीने मोजणी सुरू केली आणि चौसष्टावर थांबले. पण योगिनी थांबेनात. नाव चौसष्टचं असलं तरी इथे जागा एक्क्याऐंशी योगिनींना आहे. ‘कागदावर चौसष्ट आणि साइटवर एक्क्याऐंशी,’ आप्पा पहिल्यांदाच खुशीत आले. ‘उलटं आयुष्यभर पाहिलं होतं, सुलटं आज बघतोय.’

खाली दुकानांच्या रांगेत मऊ दगडातले शंकर, हत्ती, ताजमहाल आणि भाविकांच्या नावाच्या पाट्या. संगमरवर म्हणून हातात येतं त्यातलं बरंचसं शंखजिऱ्याचं असतं. नखाने ओरखडा उठतो, म्हणून तर त्यावर इतकी बारीक नक्षी होते. माईंनी एका गणपतीचा भाव विचारला, निम्म्यावर मागितला, पाठ फिरवली, चार पावलं चालल्या आणि हाक आल्यावर वळल्या. ही चार पावलं शिकायला जन्म तुळशीबागेत जावा लागतो.

घाटाची पाटी वाचून माई थबकल्या. पंचवटी घाट. ‘अगंबाई! नाशिकसारखं!’

या घाटावरून नावा सुटतात. तिथेच पिंपळाच्या पारावर एक परिक्रमावासी बसले होते. पांढरे कपडे, काठी, झोळी, कमंडलू, आणि पायातल्या चपलांना सुतळीचे टाके. आप्पांनी ‘नर्मदे हर’ म्हणताच उत्तर आलं, ‘नर्मदे हर. पुण्याचे काय?’ सातारा जिल्ह्यातले निघाले. नर्मदा परिक्रमेत मराठी माणसं जितकी भेटतात तितकी कधीकधी पुण्यातही भेटत नाहीत. जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’नंतर तर अनेकांनी पुस्तक मिटलं आणि झोळी उचलली. बाबा ओंकारेश्वरहून निघाले होते. दक्षिण तटाने समुद्रापर्यंत, तिथून उत्तर तटाने उलटे इथवर. नदी १३१२ किलोमीटर लांब, आणि परिक्रमेत ती दोन्ही काठांनी चालायची.

‘मग बाबा, नावेतून आतले कडे पाहिलेत?’ लेकीने विचारलं.

बाबा हसले. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. समुद्राच्या मुखाशी तेवढी नाव चालते, नाइलाज म्हणून. बाकी नाव नाही, आणि धुवांधारवरून पलीकडे नेणारा तो रोपवेही नाही. पाय आणि काठ, एवढंच. म्हणजे ज्याने नदी पावलापावलाने पाहिली त्यालाच तिची ही घळ आतून पाहता येत नव्हती, आणि जे सकाळी पोहे खाऊन आले होते त्यांच्यासाठी नाव तयार होती.

‘तुम्ही जाऊन या,’ बाबा म्हणाले. ‘मी बसलोय. आल्यावर सांगा कसं आहे ते.’

आप्पांनी शब्द दिला. त्यात अवघड काय आहे, असं त्यांना तेव्हा वाटलं.

नावेत बसण्याआधी नारिंगी लाइफ जॅकेटं मिळाली. ती पोटावर लागत नाहीत ही मध्यमवयीन माणसाची जगभरची तक्रार आप्पांनी नोंदवली. दोन वल्हेकरी आणि एक बोलणारा. भेडाघाटाचा हा बोलणारा नाववाला म्हणजे एक संस्था आहे. तो माहिती देत नाही, यमक देतो. चेहरा प्रेतयात्रेला निघाल्यासारखा, आवाज सपाट, आणि तोंडातून सलग जुळणाऱ्या ओळी: ‘बाएँ देखिए हाथी का पाँव, दाएँ देखिए धूप और छाँव. आगे बैठे अंकल जी ज़रा मुस्कुराइए, फोटो में पासपोर्ट वाला मुँह मत बनाइए.’ नाव हसते, तो हसत नाही. हरिशंकर परसाई ज्या जबलपुरात राहून लिहीत, तिथल्या पाण्यालाच ही खोड असावी.

नाववाल्याचा धंदा ‘सारखं’वर उभा आहे, हे आप्पांच्या फार लवकर लक्षात आलं. प्रत्येक दगड कशासारखा तरी. हा हत्तीच्या पायासारखा, तो नंदीसारखा, ती गायीच्या तोंडासारखी कपार, आणि तो तिकडचा जुन्या अँबॅसडर गाडीसारखा. दगड दाखवायचा, नाव सांगायचं, की सगळी नाव एका सुरात ‘हो हो हो’ करते. ज्याला दिसलं नाही तोही करतो, कारण शेजारणीला दिसलेलं असतं. नातू उभा राहून ओरडला, ‘तो बघा जेसीबी!’ सगळ्यांनी पाहिलं. खरंच होता. उचललेलं बकेट, वाकलेला हात, सगळं. नाववाल्याने चेहरा न हलवता मान्यता दिली: ‘अगली नाव से बोलेंगे.’ दोनशे कोटी वर्षांच्या घरातल्या त्या खडकाला तेवढ्यात एक नवं नाव मिळालं.

खडक म्हणजे मूळचा डोलोमाइट, मॅग्नेशियम असलेला चुनखडीचा भाऊबंद. जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने त्याचा संगमरवर झाला. मध्येच काळ्या-हिरव्या खडकाच्या शिरा उभ्या चढलेल्या. नर्मदेला रस्ता मिळाला तो भेगांमधून, आणि पुढे पाणी, वाळू आणि गोटे यांनी तीच भेग उगाळत उगाळत एवढी खोल केली. आप्पांनी खोली विचारली. नाववाल्याने आकडा सांगितला. परतणाऱ्या नावेतल्या माणसाला जावयाने ओरडून विचारलं तर त्याने आपल्या नाववाल्याचा आकडा सांगितला. दोन आकड्यांत पुण्याची एक दहा मजली इमारत उभी राहिली असती. पाटबंधारे खात्याच्या माणसाने डोळे मिटून घेतले.

मग सिनेमा. राज कपूर आणि पद्मिनीच्या ‘जिस देश में गंगा बहती है’चं (१९६०) एक गाणं याच कड्यांमध्ये चित्रित झालं. माईंना ते तोंडपाठ होतं, त्यांनी गुणगुणायला सुरुवातही केली. ‘पण ही तर नर्मदा आहे,’ नातू म्हणाला. नावेत शांतता पसरली. साठ-पासष्ट वर्षांत हा मुद्दा माईंना सुचला नव्हता. पुढे २००१च्या ‘अशोका’त हेच पाणी मौर्यकाळातलं झालं आणि २०१६च्या ‘मोहेंजो दारो’त हृतिक रोशन इथेच मगरीशी झुंजला, म्हणजे सिंधूचंही काम नर्मदेनेच केलं. मूळ भूमिकेत तिला कुणी घेत नाही. ती कायम दुसऱ्या कुठल्या तरी नदीसारखी दिसायला उभी राहते.

नर्मदेच्या काठी हे कुणाला बोलून दाखवू नये. गंगेत स्नान केल्याने पाप जातं, नर्मदेच्या नुसत्या दर्शनाने जातं, अशी इथली श्रद्धा. गंगा स्वतः काळ्या गायीच्या रूपाने नर्मदेत नाहायला येते आणि पांढरी होऊन जाते, अशीही कथा. लग्न शोणाशी ठरलं होतं. मधल्या जोहिलेने घोळ घातला, आणि नर्मदा रागाने पाठ फिरवून पश्चिमेला निघाली ती जन्मभर कुमारीच राहिली. पुढे तिने कुणाकडून समजूत काढून घेतली नाही. ‘आपल्या ताईसारखी,’ माई हळूच म्हणाल्या. आप्पांच्या थोरल्या बहिणीचा विषय पंचवीस वर्षांनी नर्मदेत निघाला आणि नर्मदेतच बुडाला.

कडे जवळ येत चालले. बंदरकूदनी नावाची जागा आली. एके काळी दोन्ही कडे इतके जवळ होते की माकडं या तटावरून त्या तटावर उडी मारत, असं सांगतात. आता अंतर वाढलंय. आप्पांनी तोंड उघडलं होतं, बहुधा पुन्हा ‘आपल्या...’ असं काही निघणार होतं, तेवढ्यात बोलणाऱ्या नाववाल्याने ओठांवर बोट ठेवलं आणि वर दाखवलं.

वर कड्याच्या पोटाला आग्यामोहोळं लटकत होती. एक नव्हे, ओळीने. काळपट, पांघरुणासारखी, आणि मधूनच त्या पांघरुणावरून लाट सरकत जावी तशी थरथर. मधमाश्यांचा हा तळ इथला जुना रहिवासी आहे. कॅप्टन फोर्सिथच्या १८७१च्या ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’मध्येही त्यांचा उल्लेख आहे. रेल्वेच्या मोजणीवर आलेला एक इंग्रज इंजिनिअर त्यांच्यापासून वाचायला पाण्यात उतरला आणि बुडाला.

‘यहाँ आवाज़ नहीं,’ नाववाला कुजबुजला. यमकाशिवाय.

आणि मग पंधरावीस माणसांनी भरलेली नाव पहिल्यांदाच गप्प झाली. शहाणपणाने नव्हे, भीतीने. गाणं थांबलं, व्हिडिओ कॉल बंद झाले, कुणाच्या तरी फोनवर चाललेली भक्तिगीतं कुणीतरी चिमटीत धरून विझवली. वल्ह्याचा कडेपट्टीवर घासण्याचा आवाज, पात्यावरून पाण्याचे थेंब पाण्यात पडण्याचा आवाज, आणि वरून येणारी एक बारीक, सलग गुणगुण. ऊन कड्याच्या वरच्या अर्ध्या भागावर होतं. तिथला दगड इतका पांढरा, की त्याकडे बघताना डोळे बारीक होत होते. खाली सावलीत तोच दगड निळसर, पाण्याला लागून हिरवा. पाण्याच्या रेषेवर बोटभर रुंद पट्टे होते, एकावर एक. पातळी कधी कुठवर होती ते नदीने स्वतःच भिंतीवर लिहून ठेवलेलं. आप्पांनी ते पट्टे पाहिले. त्यांनी क्युसेक काढला नाही. नाव वळली, समोरचा कडा आडवा आला, आणि नदी संपल्यासारखी वाटली. आणखी थोडं गेल्यावर कडा बाजूला झाला आणि नदी पुन्हा पुढे चालू.

हे सगळं दोनतीन मिनिटांचं असेल. मोहोळं मागे पडली, नाववाल्याने घसा खाकरला, यमक सुरू झालं, आणि नाव एकदम बोलायला लागली. पुढे बसलेल्या एका गृहस्थांनी जाहीर केलं की खरी मजा शरद पौर्णिमेला, चांदण्यात. ‘कोजागिरीला यायला हवं होतं,’ लेक म्हणाली. ‘मसाला दूध घेऊन,’ माई म्हणाल्या. जावयाने माहिती पुरवली की युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत भेडाघाट-लम्हेटाघाट २०२१ मध्ये आलं, आणि त्याच खेपेला आपले मराठ्यांचे किल्लेही आले होते. ‘किल्ले २०२५ मध्ये पास झाले,’ आप्पा म्हणाले. पण नेहमीचा जोर नव्हता. ते मागे वळून बघत होते.

घाटावर बाबा तसेच बसले होते. झोळीतून त्यांनी शेंगदाणे काढले आणि नातवाच्या ओंजळीत घातले.

‘हं. सांगा. कसं आहे?’

‘म्हणजे बघा,’ आप्पांनी बैठक मारली, ‘आपल्या निघोजला...’ आणि थांबले. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, पाण्यानेच कोरलेले, पण तो बेसॉल्ट, काळाकुळकुळीत. ‘किंवा आपली ती सांदण दरी...’ सांदण अरुंद आहे, उंच आहे, पण तिच्यात अशी नदी नाही. आप्पांनी काळू धबधबा काढला, लोणावळ्याचा टायगर पॉइंटही काढला, आणि प्रत्येक वेळी ‘नाही, तसं नाही’ म्हणून परत ठेवून दिला. भंगारवाल्यासमोर घरातली भांडी एकेक काढून पुन्हा आत न्यावीत तसं चाललं होतं. चाळीस वर्षांचा साठा संपला. मग त्यांनी नुसतंच सांगायला घेतलं. ऊन कुठवर होतं. सावलीत दगडाचा रंग काय होता. वल्हं कसं वाजत होतं. नदी संपल्यासारखी कुठे वाटते आणि मग कशी पुढे सापडते. पाण्याच्या रेषेवरचे पट्टे. आग्यामोहोळावरून सरकत गेलेली ती थरथर त्यांनी तळहात हलवून दाखवली. पंधरा मिनिटं ते बोलत होते आणि एकदाही ‘सारखं’ म्हणाले नाहीत. माईंनी जावयाकडे पाहिलं. जावयाने आप्पांच्या कपाळाला ताप आहे का ते नजरेनेच तपासलं.

बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग डोळे उघडले, काठीवर भार देऊन उठले आणि झोळी खांद्याला लावली.

‘दोन्ही बाजूंना दगड, मधून पाणी,’ ते म्हणाले. ‘म्हणजे अगदी आमच्या वाईच्या घाटासारखंच की!’

‘वाई? छे हो, अहो बाबा, वाईसारखं नाही...’

‘मग काही चुकलं नाही,’ बाबा समाधानाने वाटेला लागत म्हणाले. ‘वाई पाहिलीय मी.’